घरच्याले घरी द्या

भर उन्हाळ्यात नाताळची गाणी वाजवणारा पेटीवाला अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. तेही एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा बाहेर अकोल्याचं ऊन तापलं होतं, चर्चमधले पंखे गरम हवा इकडून तिकडे फिरवत होते आणि आम्ही गोठ्यातल्या बाळाला थंडी वाजते म्हणून मनापासून गात होतो. दोन्ही वेळा कारण एकच होतं, वर्की फादर.

हल्ली आमच्याकडे नवे फादर आहेत. तरुण आहेत, नीटनेटके आहेत, त्यांची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, वेळेवर सुरू होते आणि वेळेवर संपते. माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही. पण मिस्सामध्ये कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायच्या, आधी एक क्षण येतो, सगळ्यांनी एकमेकांना शांती द्यायचा. लोक बाजूच्याकडे वळून हात जोडतात आणि परत समोर पाहू लागतात. नेमकं तेव्हा माझी नजर वेदीच्या पायऱ्यांकडे जाते. आता कोणीतरी झगा सावरत खाली उतरेल असं वाटतं. कोणी उतरत नाही. मग मी मुकाट्यानं पुढच्या गाण्याची पट्टी धरतो.

वर्की फादर मूळचे केरळचे. तरुणपणी इकडे आले ते बाळापूरच्या बाजूच्या एका खेड्यात. तिथे मराठी शिकवायला ना पुस्तक होतं ना शिक्षक. कापूस वेचणाऱ्या बाया, चहाच्या टपरीवरची मंडळी आणि बैलबाजारातले दलाल यांनी त्यांना भाषा दिली, आणि ती त्यांनी जशी मिळाली तशी ठेवली. प्रार्थना छापील मराठीत म्हणायचे. ग्रंथ मिटला की वऱ्हाडी सुरू. पुण्याहून एकदा एक पाहुणे फादर आले होते. वर्की फादरांनी प्रवचनाला सुरुवात केली, "काहून आले तुमी इथं? खरं सांगा, काहून आले?" पाहुण्यांना वाटलं, हे लोकांना हाकलून देताहेत. ते बिचारे अर्धवट उठून उभे राहिले होते.

अंगानं किडकिडीत, उंच. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, पायात चपला, आणि बुडाखाली एक म्हातारी स्कूटर. ती चढावर थांबली की फादर तिच्याशी मल्याळममध्ये बोलत. वऱ्हाडीत सगळं सांगणारा माणूस स्कूटरला मात्र मातृभाषेतच शिव्या देई. शिव्या होत्या की विनवण्या हे आम्हाला कधी कळलं नाही.

घरी आले की बैठकीत बसायचे नाहीत. सरळ स्वयंपाकघरात. गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहायचे. "काय केलं आज? पातोड्या? मंग मी थांबतो." सुसाना मावशी, म्हणजे आमच्या गाण्याच्या गटातला सगळ्यांत मोठा आवाज आणि चर्चच्या पॅरिशमधली सगळ्यांत मोठी जीभ, त्यांना म्हणायची, "फादर, तुमी घराले आशीर्वाद द्याले येता का जेवाले?" फादर म्हणायचे, "बाई, ज्या घरात मी जेवलो नाई त्या घराचा आशीर्वाद मले पाठ होत नाई." मावशी पदराआड हसायची आणि आणखी एक भाकर टाकायची.

चर्चच्या आवारात त्यांनी एक नारळ लावला होता. अकोल्याच्या उन्हात आणि काळ्या मातीत, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते! रोज संध्याकाळी स्वतः बादली घेऊन त्याला पाणी घालायचे. लोक चेष्टा करायचे. "फादर, इथं नारळ येत नसते." फादर बादली उपडी करत म्हणायचे, "मी नाई का आलो?" झाड वाढलं, आजही आहे. नारळ मात्र त्याला एकही लागला नाही. फादरांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचं प्रवचन लहान असायचं आणि झोंबायचं. एकदा म्हणाले, "तुमी चर्चमंधी येष्टीत बसल्यावानी बसता. बाजूच्याचं नाव माईत नाई, आपलं गाव आलं का उतरले. देवाच्या घरी आले का फाट्यावर उतराले आले?" खरंच होतं ते. आमच्या पॅरिशमध्ये जुनी वऱ्हाडी घरं, रेल्वेच्या नोकरीपायी आलेली तमिळ घरं, दवाखान्यांतल्या मल्याळी नर्सबाया, चार गोव्याचे. सगळे आपापल्या बाकांवर, आपापल्या घोळक्यात. वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोक्यांची मागची बाजू पाहत बसलेले. त्यावर फादरांनी शांतीच्या वेळेचा नियम काढला. "घरच्याले घरी द्या," म्हणाले. "बाजूच्याले त तुमी रोज देता नाईतर रोज भांडता. इथं उठा, आनि ज्याच्याशी आठवडाभर बोलले नाई त्याच्याकडे जा."

पहिल्या रविवारी कोणी हललं नाही. फादर वेदीपाशी उभे. एक बाळ रडलं, थांबलं. फादर उभेच. शेवटी सुसाना मावशी उठली आणि रस्ता ओलांडल्यासारखी मधली वाट ओलांडून एका तमिळ म्हातारीकडे गेली. मग हळूहळू बाकं कुरकुरली. आणि फादर स्वतः पायऱ्या उतरून सगळ्यांत शेवटच्या बाकाकडे चालत गेले. तेव्हापासून दर रविवारी ते असेच जात. शेवटच्या बाकावर कोण बसतं? उशिरा आलेला, लाजलेला, लवकर सटकणार असलेला. "देव हजेरी घेत नाई," ते म्हणायचे, "वाट पाह्यते."

मिस्सा लांबायला लागली, आणि हे सगळ्यांत जास्त खटकलं पावलस काकांना. पावलस काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पॅरिश समितीचे अध्यक्ष, पहिल्या बाकावरचे मालक. मिस्साची घंटा त्यांच्या हाती, आणि त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे देवानंही चालावं अशी त्यांची रास्त अपेक्षा. माणूस सरळ. चर्चच्या छताला गळती लागली तर शिडीवर सगळ्यांत आधी तेच. पण एकदा शब्द तोंडातून गेला की तो मागे घ्यायची सोय त्यांच्या स्वभावात नव्हती.

त्यांना एकच मुलगी, मार्था. ती बाळापूरच्या शाळेत शिकवायला जायची. तिथे गजानन नावाच्या मुलाशी तिचं जमलं. माळ्याचं घर, भाजीपाल्याची बागायत, पोरगा शांत आणि कष्टाळू. हिंदू. काकांनी नाही म्हटलं. मार्थानं कचेरीत जाऊन लग्न केलं. त्या दिवसापासून काकांनी तिचं नाव घेणं बंद केलं. काकू आधीच देवाघरी गेलेल्या, त्यामुळे घरात ते नाव घ्यायला दुसरं कोणी उरलंही नाही. मार्था नाताळात आणि ईस्टरला यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि शेवटच्या गाण्याआधी निघून जायची. काका पहिल्या बाकावर, ती शेवटच्या. मध्ये सगळं चर्च. शांतीच्या वेळी काका नियम पाळायचे, पण ते ठरवून बाजूच्या रांगेतल्या त्याच त्या एका माणसाकडे जायचे आणि पाठ दाराकडे ठेवायचे. फादर मार्थाच्या बाकापर्यंत जायचे. आम्ही सगळे बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो.

एका वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, फादर बाळापूरला जाऊन मार्थाच्या घराला आशीर्वाद देऊन आले. अर्थात, जेवूनही आले. बाळापूर काही परदेशात नाही. समितीच्या पुढच्या बैठकीआधीच बातमी काकांपर्यंत पोचली. बैठक रंगरंगोटीवर होती, पण काका उठून उभे राहिले.

"फादर, तुमी माह्या घरात फूट पाडून राहिले."

फादर शांतपणे काही बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते वऱ्हाडी शिकलेले होते, अर्धवट नव्हे, पुरती. म्हणाले, "तुमचं घर तुमीच फोडलं पावलसभाऊ. मी त तिथं भाकर खाऊन आलो."

सगळ्यांच्या समोर. काकांनी घंटेच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. पुढच्या रविवारी पहिला बाक रिकामा होता. त्या बाकाकडे पाहायची कोणाची हिंमत होत नव्हती, जणू तिथे शवपेटी ठेवलीय.

मिस्सा सुरू झाली. प्रवचन अगदी लहान झालं. मग अर्पणाची वेळ आली, भाकर आणि द्राक्षरस वेदीवर आणायची. फादरांनी ताट हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. मी अर्पणाचं गाणं संपवलं. फादर उभेच. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. मग त्यांनी ताट हळूच वेदीवर ठेवलं, अंगावरची जांभळी वस्त्रं काढून खुर्चीवर घातली आणि माईकमध्ये म्हणाले, "भावाच्या मनात माह्याबद्दल काही असंल, त माहं हे अर्पन देव घेत नाई. पयले त्याच्याकडे जा, असं येशूच सांगून गेला. तुमी बसा. पेटीमास्तर, गानं चालू ठेवा. येतो मी."

आणि गेले. खरोखर गेले. स्कूटरला मल्याळममध्ये काहीतरी सांगितल्याचं आत ऐकू आलं.

मी वाजवायला लागलो. उपवासकाळाची गाणी ती किती असणार? सगळी दुःखाची, सगळी सावकाश. ती संपली. मारियाची संपली. ईस्टरची आधीच म्हणणं बरोबर दिसलं नसतं. सुसाना मावशीनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. "नाताळचं वाजव रे." "मावशी, उपवासकाळ हाय." "मंग काय सिनेमातलं वाजवतं?" वाजवलं. पहिल्या कडव्याला लोक हसले, दुसऱ्याला गायला लागले.

तिकडे काय झालं ते काकांनीच नंतर मला सांगितलं. दार उघडलं तर समोर फादर, घामानं निथळलेले. म्हणाले, "भाऊ, मी चुकलो. सगळ्यायसमोर बोललो, म्हनून सगळ्यायले सोडून आलो." काकांनी माफ केलं की नाही हे बाजूलाच राहिलं. त्यांच्यातला गार्ड जागा झाला. "मिस्सा कोन करून राहिलं?" "कोनी नाई. लोक बसले हायेत." "मधातच? लोकायले मधात बसवून आले तुमी?" बाप्पा! काकांनी सदरा अंगात घालायचीही वाट पाहिली नाही, तो हातात घेऊनच स्कूटरवर मागे बसले. चर्चच्या दारात आले तेव्हा सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली होती, आणि आमचं नाताळ जोरात चाललं होतं.

काका आपल्या बाकावर बसले. फादरांनी वस्त्रं घातली, ताट उचललं आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

आता आम्हाला वाटलं, मार्थाचंही मार्गी लागणार. काहीच झालं नाही. ईस्टरला ती आली, शेवटच्या बाकावर बसली, गेली. मी फादरांना म्हणालो, "तुमचं ऐकतील ते. एकदा सांगून पाहा." फादर नारळाला पाणी घालत होते. म्हणाले, "मी त्याच्याकडे माही चूक सांगाले गेलो होतो, मास्तर. त्याची चूक त्याले सांगाले नाई गेलो. ते त्याले माईत हाय. मानसाले ढकललं का तो पडते, पोचत नाई."

"पण मग किती दिवस?"

"तुमाले गाडी पकडाची हाय का कुठं?" असं म्हणून ते बादली भरायला गेले. मला राग आला होता, खरं सांगतो. मला वाटलं, फादर कच खाताहेत.

मे महिन्यात फादरांच्या बदलीचं आलं. अमरावतीकडे, चांदूर रेल्वे गावाच्या पुढे कुठेतरी, लहानसं ठिकाण. फादर लोकांच्या बदल्या अशाच होतात, सामान एका बॅगेत मावतं आणि माणूस हलतो. पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. फादर म्हणाले, "रडून काय राहिले? अमरावतीपर्यंत त फाटकी येष्टी बी जाते."

निरोपाच्या मिस्साला चर्च भरलं होतं. बाहेर त्यांना न्यायला जीप येऊन थांबली होती, बॅग आत टाकलेली. पुढच्या बाकावर नवे फादरही बसले होते. पद्धतीप्रमाणे अर्पणाचं ताट आणायचा मान समितीच्या अध्यक्षाचा. पावलस काका इस्त्रीचा सदरा घालून, ताट दोन्ही हातांत धरून, मधल्या वाटेनं आले. फादरांनी हात पुढे केले. काकांनी ताट सोडलं नाही. दोघांचेही हात ताटावर. मी पेटीवर अगदी पायऱ्यांजवळ बसतो, म्हणून मला ऐकू आलं.

"फादर, थांबता का?"

"कुठं जाता?"

"बाळापूर."

फादरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ताट त्यांनी घेतलं. "स्कूटरची किल्ली खिडकीत हाय," म्हणाले. "चढावर बंद पडली त रागवू नका तिले."

काका वळले आणि सगळ्या चर्चच्या मधून, सरळ, दाराबाहेर गेले. फादरांनी ताट वेदीवर ठेवलं, झाकलं, आणि आम्हाला म्हणाले, "पावलसभाऊ बाळापूरले गेले. येतात. बसा." मग ते खाली उतरून काकांच्या रिकाम्या जागी जाऊन बसले. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती भुवई उचलली. मी भाता ओढला.

बाळापूर म्हणजे काही कोपऱ्यावरचं दुकान नाही. जायचं, शेतात शोधायचं, बोलायचं काय ते बोलायचं, परत यायचं, तेही त्या स्कूटरवर. नवे फादर घड्याळ पाहत होते. जीपचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. काही लोक उठून गेलेही, त्यांना दोष नाही, घरी म्हातारी माणसं असतात, ड्युट्या असतात. बाकीचे बसले. कोणीतरी माठातलं पाणी फिरवलं. एका नर्सबाईनं सुसाना मावशीची नाडी पाहिली, आणि मावशीनं तिला सगळ्या शरीराची दुखणी सांगितली. तमिळ म्हातारी एका वऱ्हाडी बाळाला मांडीवर घेऊन वारा घालत होती. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर माणसं सरकत होती, मागे वळून नाव-गाव विचारत होती. फादरांनी एवढी वर्षं प्रवचनं केली त्यांतून जे झालं नव्हतं, ते त्या खोळंब्यात होत होतं. आणि माझी गाणी पुन्हा संपली. यावेळी मावशीला बोट खुपसावं लागलं नाही. लोकच म्हणाले, "नाताळचं होऊन जाऊ द्या, मास्तर."

स्कूटरचा आवाज आला तेव्हा मी मध्येच थांबलो. दारात मार्था उभी होती. शेतातून तशीच आलेली, साडी खोचलेली, हातांना माती वाळलेली. तिच्या मागे काका. ते तिच्याशी बोलत नव्हते, पण एक हात तिच्या खांद्यामागे होता, टेकलेला नव्हे, नुसता धरलेला, जसा लहान पोराच्या मागे सायकल शिकवताना धरतात. दोघं मधल्या वाटेनं आले. काका पहिल्या बाकापाशी थांबले, तिला आधी बसायला वाट दिली. सुसाना मावशी उघडपणे रडत होती.

फादर वेदीवर गेले. ताटावरचं कापड काढलं. मग दाराकडे पाहिलं, आणि कापड परत झाकलं.

"एक राहिला," म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. बाहेर लिंबाच्या झाडाखाली मोटारसायकल होती आणि तिच्याजवळ गजानन उभा होता, हातात ढेमशांच्या भाजीची टोपली, वर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. काकांच्या स्कूटरमागून त्यानंच बायकोला आणून सोडलं होतं. आत यायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो आला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाहेर थांबायची त्याला सवय झाली होती, एवढंच.

काका बसलेले होते. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर वेदीपाशी उभे होते, पहिल्या त्या रविवारी उभे होते तसे. खरं तर बाळापूरपेक्षा हे अंतर कितीतरी कमी. पण काकांना उठायला वेळ लागला. मग ते उठले.

काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. गजानन मान खाली घालून उभा होता. काकांनी त्याच्या हातातली टोपली घेतली. तो सोडेना, "मी आनतो ना बाबा," असं काहीतरी म्हणाला असावा. शेवटी दोघं टोपलीच्या दोन बाजू धरून आत आले. टोपली वेदीच्या पायरीवर ठेवली गेली, भाकरीच्या ताटाशेजारी. गजाननला मार्थाच्या बाजूला जागा झाली. फादरांनी कापड काढलं आणि जिथे सोडलं होतं, तिथून पुढे सुरू केलं.

शांतीची वेळ आली. आम्ही सवयीनं बाकं सोडायच्या तयारीत होतो. फादर माईकपाशी आले. नेहमीचं वाक्य तोंडावर आलेलं दिसलं, ते थांबले, आणि म्हणाले, "आज घरच्याले देल्ली तरी चालते."

काकांनी आधी जावयाकडे तोंड वळवलं. त्यानंतर मार्थाकडे. मला पुढचं नीट दिसलं नाही, डोळे भरले होते आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. पण वर पाहिलं तेव्हा फादर दिसले. दर रविवारी पायऱ्या उतरून शेवटच्या बाकापर्यंत चालत येणारा तो माणूस त्या दिवशी खाली उतरला नाही. बाहेर जीप हॉर्न वाजवत होती. वर्की फादर वेदीपाशी हात जोडून उभे होते, आणि आमचं आवरायची वाट पाहत होते.